विश्लेषण : ‘तो’ जुगराज आजही का आठवतो? दुखापतीने थांबलेली हॉकी कारकीर्द आणि ठाणे-डोंबिवलीतील खेळाडूंचा प्रश्न

‘जुगराज सिंग’ हे नाव मोबाइलवर शोधले, की दोन वेगवेगळे हॉकीपटू समोर येतात. दोघेही पंजाबचे, दोघेही बचावपटू आणि दोघेही ड्रॅग फ्लिकर. त्यातला एक आजच्या पिढीचा. १७ सप्टेंबर २०२४ रोजी आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात चीनविरुद्ध त्याने एकमेव गोल केला आणि भारताने १-० असा विजय मिळवला. दुसऱ्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द सप्टेंबर २००३ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी एका मोटार अपघातात थांबली. चाळिशी ओलांडलेल्या हॉकीप्रेमींना आजही आधी हा दुसरा जुगराज आठवतो. दोन-तीन वर्षेच मोठ्या मंचावर खेळलेला खेळाडू दोन दशकांनंतरही का आठवतो? अशा दुखापतींतून काही जण परततात, काही का परतत नाहीत? आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीत खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनी यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

जुगराज सिंग कोण होता?

जुगराजचा जन्म २८ एप्रिल १९८३ चा. ऑक्टोबर २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथे झालेला कनिष्ठ विश्वचषक भारताने जिंकला. अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा ६-१ असा धुव्वा उडाला. गगन अजित सिंगच्या नेतृत्वाखालील त्या संघात दीपक ठाकूर, प्रभज्योत सिंग आणि जुगराज ही नावे होती. कनिष्ठ गटातील हे यश म्हणजे भारतीय हॉकीच्या पुनरुज्जीवनाची सुरुवात, असे तेव्हा मानले गेले. ही मुले वरिष्ठ संघातही खेळली.

त्या संघात त्यांच्यासोबत होता पुण्याजवळच्या खडकीत वाढलेला धनराज पिल्ले. धनराजची कारकीर्द उताराला लागलेली, या मुलांची नुकतीच सुरू झालेली. २००२ च्या बुसान आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताला रौप्यपदक मिळाले. ऑगस्ट २००३ मध्ये नेदरलँड्समधील अ‍ॅम्स्टलवीन येथे चॅम्पियन्स करंडकात भारताने पाकिस्तानला ७-४ असे हरवले. हा सामना ज्यांनी पाहिला, ते आजही त्याचा विषय निघाला की थांबत नाहीत. अथेन्स ऑलिम्पिक वर्षभरावर होते आणि भारताकडे पेनल्टी कॉर्नरवर भरवशाचा माणूस होता. पाकिस्तानकडे ३४८ आंतरराष्ट्रीय गोल नोंदवणारा सोहेल अब्बास होता. त्याला भारताने शोधलेले उत्तर म्हणजे जुगराज, असे तेव्हा बोलले जायचे.

नेमके काय घडले?

सप्टेंबर २००३ च्या सुरुवातीला पंजाबात जुगराजच्या मोटारीला अपघात झाला. क्वालालंपूर येथील आशिया चषक काही दिवसांवर होता. जुगराजला गंभीर दुखापती झाल्या. शस्त्रक्रिया, अंथरूण आणि पुन्हा चालायला शिकण्यापासून सुरुवात, असा तो प्रवास होता. २८ सप्टेंबर रोजी धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला ४-२ असे नमवून आशिया चषक जिंकला. भारताचे हे पहिलेच आशिया चषक विजेतेपद. विजेत्या संघात जुगराज नव्हता.

त्याने परतण्याचा प्रयत्न केला. पण भारताच्या वरिष्ठ संघातले त्याचे स्थान त्याला पुन्हा मिळाले नाही. पुढे तो प्रशिक्षणाकडे वळला. रुपिंदरपाल सिंग, हरमनप्रीत सिंग हे ड्रॅग फ्लिकर भारतीय संघात होते, त्या काळात जुगराज संघाच्या प्रशिक्षक वर्गात काम करत होता. जे कौशल्य त्याला स्वतःला ऑलिम्पिकमध्ये दाखवता आले नाही, तेच तो इतरांना शिकवत होता.

ड्रॅग फ्लिक शरीराकडून इतके का मागते?

हे समजून घेण्यासाठी थोडे आकडे पाहू. हॉकीच्या गोलची रुंदी ३.६६ मीटर, उंची २.१४ मीटर. गोलसमोरच्या ‘डी’ची त्रिज्या १४.६३ मीटर. पेनल्टी कॉर्नरला गोलरक्षकासह पाच जण बचावाला असतात. चेंडू आधी डीच्या बाहेर जावा लागतो, तिथे तो थांबवला जातो आणि मग फटका बसतो.

इथे नियमातील एक बारकावा महत्त्वाचा आहे. पेनल्टी कॉर्नरवरचा पहिला फटका स्टिक उगारून मारलेला असेल, तर गोलरेषा ओलांडताना चेंडू ४६० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे गोलच्या फळीपेक्षा उंच असून चालत नाही. ‘फ्लिक’ला मात्र ही मर्यादा नाही. चेंडू स्टिकच्या वाकड्या भागाला चिकटवून ओढत नेला आणि सोडला, तर तो गोलच्या कोणत्याही कोपऱ्यात, अगदी वरच्या जाळीतही मारता येतो. म्हणूनच नव्वदच्या दशकापासून ड्रॅग फ्लिक हे पेनल्टी कॉर्नरचे मुख्य अस्त्र झाले.

चांगल्या फ्लिकचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. म्हणजे सेकंदाला साधारण २८ मीटर. डीच्या टोकावरून गोलपर्यंतचे अंतर चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आसपास कापतो. गोलरक्षकाच्या हातात विचार करायला वेळ उरत नाही.

हा वेग केवळ मनगटातून येत नाही. उजव्या हाताचा खेळाडू चेंडूजवळ धावत येतो, पाय एकामागून एक टाकतो, शेवटचे डावे पाऊल लांब पुढे रोवतो आणि जवळजवळ जमिनीलगत वाकतो. मग पाय, नितंबाचा सांधा, कंबर, खांदा आणि शेवटी मनगट, अशी एकामागून एक गती स्टिकपर्यंत पोहोचते. गोफण फिरवताना दगडाला शेवटच्या क्षणी वेग मिळतो, तसेच हे. या साखळीतली एक कडी कमजोर झाली, तर बाकीच्या कड्यांवर ताण येतो. त्यामुळे कंबर, नितंब किंवा मांडीला मोठी इजा झालेला खेळाडू चालू शकतो, पळूही शकतो. पण तीच फ्लिक त्याच वेगाने दिवसाला शंभरदा मारणे ही वेगळी गोष्ट आहे. सामान्य आयुष्यासाठी ‘बरा झाला’ आणि आंतरराष्ट्रीय हॉकीसाठी ‘तंदुरुस्त झाला’ या दोन वाक्यांत मोठे अंतर असते. अनेक कारकीर्दी याच अंतरात संपतात.

मग संदीप सिंग कसा परतला?

जुगराजची जागा रिकामी झाली, त्यानंतर काही महिन्यांतच हरियाणाच्या शाहबाद मारकंडा गावचा संदीप सिंग भारतीय संघात आला. अथेन्स ऑलिम्पिकमध्ये तो खेळला तेव्हा १८ वर्षांचा होता. पुढे जे घडले, त्यावर विश्वास बसणे कठीण. २२ ऑगस्ट २००६ रोजी, विश्वचषकासाठी संघात दाखल व्हायला शताब्दी एक्स्प्रेसने जात असताना, एका सुरक्षा कर्मचाऱ्याच्या बंदुकीतून चुकून सुटलेली गोळी संदीपला लागली. काही काळ तो चाकाच्या खुर्चीवर होता.

तो परतला. २००९ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने सुलतान अझलन शाह चषक जिंकला. २०१२ मध्ये दिल्लीतील ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत त्याने १६ गोल केले, त्यांतले पाच फ्रान्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात. भारत लंडन ऑलिम्पिकला पोहोचला. २०१८ मध्ये त्याच्या आयुष्यावर ‘सूरमा’ हा चित्रपट आला.

एकापाठोपाठ एक भारताचे दोन प्रमुख ड्रॅग फ्लिकर जखमी झाले आणि दोघेही मैदानावर नव्हे, प्रवासात. एक परतला, एक नाही. यातून ‘ज्याची इच्छाशक्ती मोठी तो परततो’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो अन्यायकारक ठरेल. दोन शरीरांवरचे दोन आघात सारखे नसतात. कोणते हाड, कोणता मज्जातंतू, कोणता सांधा, उपचार किती लवकर मिळाले, वय किती, मधल्या काळात संघात कोण आले, या सगळ्यांवर परतणे अवलंबून असते. परतलेल्यावर चित्रपट निघतो. न परतलेल्याचे प्रयत्न मात्र कुणी मोजत नाही.

चाहत्यांच्या मनात हीच नावे का राहतात?

पूर्ण कारकीर्द खेळलेल्या खेळाडूचा हिशेब मांडता येतो. धनराज पिल्ले चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार आशियाई क्रीडा स्पर्धा आणि चार चॅम्पियन्स करंडक खेळला. त्याच्याबद्दल वाद घालायचा तर आकडे आहेत, सामने आहेत, पराभवही आहेत. अर्ध्यावर थांबलेल्या खेळाडूचा उतार कुणी पाहिलेलाच नसतो. त्याची शेवटची आठवण ही त्याच्या सर्वोत्तम काळातली असते. बाकीचे चाहते स्वतः भरतात.

त्यातून ‘जर-तर’ जन्माला येते. जुगराज असता तर अथेन्सला काय झाले असते? भारत २००४ मध्ये सातव्या स्थानावर राहिला. पण याचे उत्तर एका खेळाडूत शोधणे बरोबर नाही. ऑलिम्पिक तोंडावर आले असताना प्रशिक्षक राजिंदर सिंग यांना हटवून जर्मनीच्या गेरहार्ड राख यांना आणले गेले होते. संघनिवडीवरून वाद होते. धनराजसाठी ती शेवटची स्पर्धा ठरली. चार वर्षांनी, मार्च २००८ मध्ये चिलीतील सँटियागो येथे ब्रिटनकडून २-० असे हरून भारत प्रथमच ऑलिम्पिकला मुकला, तेव्हा प्रशिक्षक होते मुंबईचे जोकिम कार्व्हालो. म्हणजे घसरणीची कारणे खोल होती. जुगराजच्या अपघाताने संघाचा एक हुकमी एक्का गेला, पण संघटनेतले दोष त्या अपघाताने निर्माण झाले नव्हते. ‘तो असता तर’ या हळहळीत हे दोष झाकले जातात, हे लक्षात ठेवायला हवे.

ही भावना केवळ भारतीय नाही. कॅनडाचा बॉबी ऑर हा आइस हॉकीच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ बचावपटूंपैकी एक मानला जातो. डाव्या गुडघ्याच्या वारंवार झालेल्या दुखापती आणि शस्त्रक्रियांमुळे १९७८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी त्याला थांबावे लागले. १९७० मध्ये स्टॅन्ले चषक जिंकून देणारा गोल केल्यावर हवेत झेपावलेल्या ऑरचा पुतळा बोस्टनमध्ये उभा आहे. तिथे आठवणीला पुतळ्याची जागा मिळाली. आपल्याकडे बहुतेक वेळा ती अस्पष्ट चित्रफितीत आणि जुन्या प्रेक्षकांच्या गप्पांत राहते.

अलीकडचे उदाहरण कोणते?

राणी रामपाल. तीही शाहबाद मारकंडाची. वयाच्या चौदाव्या वर्षी वरिष्ठ संघात आली, पंधराव्या वर्षी विश्वचषक खेळली. तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. पदक एका गोलने हुकले, ब्रिटनकडून ४-३ असा पराभव झाला. त्यानंतर दुखापतींनी तिला ग्रासले. २०२२ च्या विश्वचषक संघात ती नव्हती. पुढे ती थोडा काळ परतली, पण संघात स्थिरावू शकली नाही. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी, तिसावा वाढदिवस सव्वा महिन्यावर असताना, तिने निवृत्ती जाहीर केली. तिच्या नावावर अडीचशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने आहेत. ‘हॉकी इंडिया’ने तिचा २८ क्रमांकाचा गणवेश निवृत्त केला.

राणीच्या बाबतीत प्रश्न केवळ दुखापतीचा नव्हता. दुखापत होते, खेळाडू बाहेर जातो, संघ पुढे सरकतो, नवी खेळाडू स्थिरावते आणि मग तंदुरुस्त होऊनही दार बंदच राहते. कागदावर कारण दुखापतीचे असते, पण कारकीर्द संपते ती निवडीच्या टेबलावर. किती दिवस थांबायचे आणि कधी पुढे जायचे, हे ठरवण्याचे निकष खेळाडूला आधी माहीत असावेत, ही मागणी त्यामुळेच रास्त ठरते.

२००३ आणि आज यात काय बदलले?

बरेच बदलले आहे. गोलरक्षक पी. आर. श्रीजेशच्या गुडघ्याला २०१७ मध्ये गंभीर दुखापत झाली. तो कित्येक महिने बाहेर होता. परतल्यावर त्याने टोकियो आणि पॅरिस अशी सलग दोन ऑलिम्पिक कांस्यपदके मिळवली. हार्दिक सिंगला जानेवारी २०२३ मध्ये ओडिशातील विश्वचषक मांडीच्या स्नायूच्या दुखापतीमुळे अर्ध्यावर सोडावा लागला. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या कांस्यविजेत्या संघात तो होता.

फरक केवळ नशिबाचा नाही. आज राष्ट्रीय संघासोबत फिजिओथेरपिस्ट, ताकद आणि तंदुरुस्तीचे प्रशिक्षक आणि खेळाडूच्या धावण्याची मोजदाद ठेवणारी उपकरणे असतात. २०१४ मध्ये केंद्र सरकारची ‘टॉप्स’ योजना सुरू झाली, ज्यातून निवडक खेळाडूंच्या तयारीचा खर्च उचलला जातो. ‘ऑलिम्पिक गोल्ड क्वेस्ट’सारख्या संस्था फिजिओ, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ पुरवतात. या संस्थेची धुरा वर्षानुवर्षे सांभाळणारा वीरेन रस्किन्हा हा मुंबईचा, वांद्रे येथील सेंट स्टॅनिस्लॉस शाळेत घडलेला हॉकीपटू. अथेन्सला जुगराजशिवाय गेलेल्या भारतीय संघात तो होता. २००८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी त्याने खेळ सोडून व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले आणि नंतर खेळाडूंच्या मागे यंत्रणा उभी करण्याचे काम हाती घेतले.

पण ही सगळी छत्री कुणावर आहे? राष्ट्रीय शिबिरात पोहोचलेल्या आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेल्या खेळाडूंवर. त्याखालच्या हजारो मुलांवर ती नाही. जुगराज वा राणीला आठवणारे निदान आहेत. सोळाव्या वर्षी गुडघा गमावून खेळ सोडणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे नाव त्या शाळेच्या बाहेर कुणाला माहीत नसते.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीचा याच्याशी काय संबंध?

संबंध प्रवासापासून सुरू होतो. मुंबईतील हॉकीचे मुख्य केंद्र म्हणजे चर्चगेटजवळचे मुंबई हॉकी असोसिएशनचे महिंद्रा स्टेडियम. रेल्वेमार्गाने सीएसएमटी ठाण्यापासून सुमारे ३४, डोंबिवलीपासून ४८ आणि कल्याणपासून ५४ किलोमीटरवर आहे. तिथून पुढे चर्चगेट किंवा दादरला गाडी बदलून पश्चिम मार्ग. डोंबिवलीच्या मुलाने चर्चगेटला सरावाला जायचे म्हटले, तर जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास प्रवास. तोही स्टिक, पॅड आणि दप्तर घेऊन, गर्दीच्या लोकलमधून.

हा प्रवास दोन प्रकारे धोक्याचा आहे. पहिला धोका उघड आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ धावत्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले. दारात लटकून जाणारा खेळाडू असो वा कारकून, गर्दी दोघांना सारखीच वागवते. दुसरा धोका दिसत नाही. पहाटे चारला उठणे, रात्री अकराला झोपणे, मध्ये शाळा आणि क्लास. वाढीच्या वयात झोप कमी पडली, की स्नायूंची झीज भरून निघत नाही आणि दुखापतीची शक्यता वाढते. जुगराज आणि संदीप या दोघांचेही नुकसान प्रवासात झाले, हे आठवले तर खेळाडूचा प्रवास हा क्रीडा धोरणाचा विषय का आहे, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या भागात ठाण्याचे दादोजी कोंडदेव क्रीडागृह किंवा डोंबिवलीचे सावळाराम महाराज क्रीडासंकुल म्हटले, की डोळ्यांसमोर क्रिकेट आणि इतर खेळ येतात, हॉकी नाही. पण दुखापत खेळ पाहून होत नाही. कल्याणचा वेगवान गोलंदाज तुषार देशपांडे २०२४ मध्ये भारताकडून खेळला. त्याच वर्षी त्याच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली आणि २०२५ च्या आयपीएलमध्ये तो राजस्थान रॉयल्सकडून पुन्हा गोलंदाजी करताना दिसला. व्यावसायिक करार, तज्ज्ञ शल्यचिकित्सक आणि पुनर्वसन हाताशी असले, की हा रस्ता असतो. जिल्हा पातळीवर कबड्डी, फुटबॉल किंवा हॉकी खेळणाऱ्या मुलाकडे यातले काहीच नसते.

मुले दुखापत लपवतात, असे का?

यामागे एक व्यावहारिक हिशेब आहे. महाराष्ट्रात दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत मिळते, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दोन्हींसाठी ठरावीक स्तरावरील स्पर्धांतील सहभाग किंवा कामगिरीची प्रमाणपत्रे लागतात. म्हणजे जिल्हा किंवा राज्य स्पर्धेच्या आठवड्यात ‘गुडघा दुखतोय’ म्हणून बसलेल्या मुलाचे केवळ सामने हुकत नाहीत. गुण, प्रमाणपत्र आणि पुढची संधीही हुकते. मग पट्टी बांधून, वेदनाशामक गोळी घेऊन मूल खेळते. प्रशिक्षक आणि पालकही कधी कधी डोळेझाक करतात. सवलती चांगल्या हेतूने दिलेल्या आहेत, पण दुखापतग्रस्त खेळाडूचा विचार त्यांत नसल्याने त्या नकळत जखमेवर खेळायला लावतात.

त्याची किंमत नंतर कळते. गुडघ्यातील पुढचा आडवा लिगामेंट, ज्याला खेळाडू ‘एसीएल’ म्हणतात, तो पूर्ण फाटला तर शस्त्रक्रियेनंतर स्पर्धात्मक खेळात परतायला साधारण नऊ महिने किंवा त्याहून अधिक लागतात. घाई केली तर तो पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो. शस्त्रक्रिया एका दिवसाची असते, पुनर्वसन वर्षाचे. मध्यमवर्गीय घरात विमा बहुतेक वेळा शस्त्रक्रियेपर्यंत साथ देतो. त्यानंतरच्या फिजिओथेरपीच्या महिनोन्‌महिने चालणाऱ्या सत्रांचा भार खिशावर पडतो आणि नेमके तेच अर्ध्यावर सुटते.

पालक आणि खेळाडूंनी काय लक्षात ठेवावे?

पहिली गोष्ट, वेदना आणि थकवा यात फरक करा. दोन दिवसांत न जाणारी, सांध्यात जाणवणारी किंवा सूज आणणारी वेदना ही अस्थिरोगतज्ज्ञ किंवा क्रीडा वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांना दाखवण्याची गोष्ट आहे. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज येऊन काही तासांत सूज आली, तर खेळ तिथेच थांबवा.

दुसरी, विमा पॉलिसी घेताना क्रीडा दुखापती आणि रुग्णालयाबाहेरील फिजिओथेरपी त्यात आहे का, हे विचारा. तिसरी, कमी वयात एकाच कौशल्याचा अतिरेक टाळा. बारा वर्षांच्या मुलाने रोज शंभर ड्रॅग फ्लिक किंवा शंभर वेगवान चेंडू टाकणे म्हणजे तयारी नव्हे, झीज आहे. चौथी, परतण्याची तारीख स्पर्धेच्या वेळापत्रकावरून नव्हे, तर दुखापत झालेल्या आणि चांगल्या पायाची ताकद समान झाली का, यावरून ठरवा. पाचवी आणि सर्वांत साधी, मोटारीत मागच्या आसनावरही सीटबेल्ट, दुचाकीवर मागे बसतानाही हेल्मेट आणि लोकलच्या दारात उभे राहायचे नाही.

आणि अभ्यास सोडू नका. वीरेन रस्किन्हाने व्यवस्थापन शिकून खेळाशी नाते टिकवले, जुगराजने प्रशिक्षणातून. खेळ थांबला तरी खेळातले आयुष्य थांबत नाही, पण त्यासाठी दुसरे काही हातात असावे लागते.

पुढे काय पाहावे?

भारतीय हॉकीच्या संघटित वाटचालीला ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. ऑलिम्पिक पदकविजेत्यांचे सत्कार होतात, ते व्हायलाच हवेत. या शतकाच्या हिशेबात दुखापतीने थांबलेल्यांचाही एक रकाना असावा. तो भावनेपोटी नव्हे, तर किती खेळाडू कोणत्या वयात आणि कशामुळे खेळ सोडतात, याची नोंद असल्याशिवाय उपाय ठरवता येत नाहीत म्हणून.

स्थानिक पातळीवर विचारण्यासारखे प्रश्न मोठे नाहीत. महापालिकेच्या क्रीडासंकुलात फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून किती दिवस असतो? आंतरशालेय स्पर्धेच्या मैदानावर प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती आणि रुग्णवाहिका असते का? वैद्यकीय प्रमाणपत्र दिलेल्या दुखापतग्रस्त खेळाडूला आधीच्या वर्षाच्या कामगिरीवर सवलत देता येईल का? ठाणे जिल्ह्यातल्या मुलांना चर्चगेट गाठावे लागू नये, असे मैदान जवळ कधी मिळेल? पुढच्या वेळी क्रीडासंकुलाच्या नूतनीकरणाची घोषणा होईल, तेव्हा प्रेक्षागृहाच्या खुर्च्यांच्या संख्येबरोबर या प्रश्नांची उत्तरेही मागायला हरकत नाही.